एल, यू की समोरासमोर? आधी घरातल्या घड्याळाकडे बघा

वाचकाचं पत्र

आमचं स्वयंपाकघर पूर्ण उखडून नव्यानं करायचं ठरलंय. खोली ३.३ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद. एका आखूड भिंतीच्या मधोमध दार, समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. उजव्या लांब भिंतीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप आहे. घरात पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारी दोन मुलं. सकाळी साडेसहा ते साडेसात सासूबाई शेगडीपाशी असतात, मी डबे भरत असते आणि मुलं फ्रीजच्या मागेपुढे. नवरा रात्री साडेनऊला येतो, स्वतःचं करून घेतो आणि दुसऱ्या दिवसाची निम्मी तयारीही करून ठेवतो. सासूबाईंची उंची १५० सें.मी., माझी १६०, नवऱ्याची १७८. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण स्वयंपाक सोडायला त्या तयार नाहीत. दुकानदारानं तीन चित्रं दिली आहेत: एल आकाराचा ओटा, यू आकाराचा आणि समोरासमोर दोन ओटे. तिन्ही छान दिसतात. मुलांना हॉलची भिंत पाडून खुलं स्वयंपाकघर हवंय. डिशवॉशर घ्यायचा हे नक्की. काय निवडावं?

उत्तर

तिन्ही चित्रं छान दिसतात, कारण त्यांत माणसं नाहीत. तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची माहिती खोलीच्या मापांत नाही. कोण किती वाजता कुठे उभं असतं, या ओळीत आहे. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: समोरासमोर दोन ओटे करा, दोन्ही वेगवेगळ्या उंचीचे, आणि हॉलची भिंत राहू द्या. आता कारणं.

आधी एक घरचा अभ्यास. फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि आठवडाभर त्यावर चार गोष्टी लिहा: वेळ, कोण, कुठे उभं होतं आणि कुठे अडलं. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ‘मिक्सर लावायला डबे सरकवावे लागले’, ‘फ्रीज उघडला की शेगडीपुढचं माणूस मागे हटतं’, ‘रात्री चिरायला उजेड नाही’, असलं काहीही चालेल. आठवड्याच्या शेवटी या नोंदींतून तुमच्या घरातला सगळ्यांत गर्दीचा अर्धा तास कळेल. आराखडा त्या अर्ध्या तासासाठी करायचा. दिवसाच्या उरलेल्या वेळात कुठलंही स्वयंपाकघर चालून जातं.

दुकानदार तुम्हाला ‘कामाचा त्रिकोण’ समजावून सांगेल: सिंक, शेगडी आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या तीन रेषा, प्रत्येकी साधारण १.२ ते २.७ मीटर, तिन्हींची बेरीज ४ ते ८ मीटरच्या आत. नियम चुकीचा नाही. पण १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तो मांडला गेला तेव्हा एका वेळी एकच माणूस स्वयंपाक करतं असं धरलेलं होतं. त्याआधी १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी केलेलं प्रसिद्ध फ्रँकफर्ट किचनही असंच, सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं, एकटीनं पटापट काम उरकावं म्हणून बेतलेलं. तुमची खोली त्याहून मोठी आहे, पण तुमच्याकडे सकाळी चार माणसं आत असतात. त्रिकोण मोजा जरूर. मात्र त्याहून आधी हे बघा की एकाची वाट दुसऱ्याच्या पाठीमागून जाते का.

म्हणून यू आकार आम्ही पहिल्या फेरीतच बाद केला. खिडकीखाली तिसरा ओटा आला की दोन कोपरे तयार होतात आणि प्रत्येक कोपऱ्यात ६० बाय ६० सें.मी. जागा हाताला न येणारी होते. फिरत्या ट्रॉलीनं ती निम्मीशीच परत मिळते, तीही महाग. शिवाय यूच्या पोटात उभ्या असलेल्या माणसाला बाहेर पडायचं तर दुसऱ्यानं बाजूला व्हावं लागतं, आणि खिडकीची कडी लावायला ओट्यावर ओणवं व्हावं लागतं ते वेगळंच. एल आकारात चालायला भरपूर जागा राहते, पण तुमच्या खोलीत ती नको तिथे राहते: मधे १.८ मीटरचं मैदान आणि ओट्यावर मात्र दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. एकट्यानं स्वयंपाक करणाऱ्या घराला आम्ही कदाचित एलच सुचवला असता.

समोरासमोर ओट्यांचं गणित असं. दोन्हीकडे ६० सें.मी. खोलीचे ओटे धरले तर मधे १२० सें.मी. वाट उरते. एका माणसाला ९० ते १०० पुरतात. दोन माणसांना पाठीला पाठ लावून काम करायला १२० लागतात. म्हणजे तुमचं माप अगदी काठावर बसतं. इथेच एक नेहमीची चूक होते. २४० हे माप उघड्या भिंतीचं असेल तर प्लॅस्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूला दीड-दोन सें.मी. सहज जातात. हातात राहतात २३६. ओट्याच्या दगडाची कड पुढे दोन-दोन सें.मी. काढली की वाट ११२ वर आली. तेव्हा दगडाच्या कडेसकट ६० सें.मी. धरा, कड सोडून ६० नव्हे, आणि हे सुताराला व दगडवाल्याला दोघांनाही लेखी द्या. कपाटांना बाहेर आलेल्या मुठीही नकोत. खाचेची पकड असलेली दारं घ्या.

आता उंची. घरात २८ सें.मी.चा फरक असलेली दोन माणसं स्वयंपाक करतात, हा तुमच्या खोलीपेक्षा मोठा प्रश्न आहे. बाजारात ओट्याची उंची ८५ ते ९० सें.मी. ठरूनच येते आणि ती तुमच्या घरात दोघांनाही गैरसोयीची ठरेल. मापायची पद्धत सोपी आहे. घरात घालता त्या चपला घालून सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. चिरण्याचा ओटा त्याहून १० ते १५ सें.मी. खाली हवा. पीठ मळण्यासारखं जोर लावायचं काम आणखी पाच-दहा सें.मी. खाली सुखाचं होतं. कोपर साधारणपणे उंचीच्या ६३ टक्क्यांवर असतं, म्हणजे सासूबाईंचं ९४, तुमचं १०१ आणि यजमानांचं ११२ सें.मी.च्या आसपास. प्रत्यक्ष मोजूनच घ्या, दोन-तीन सें.मी. इकडेतिकडे होतात आणि इथे तेवढ्यानं फरक पडतो.

यावरून डावा ओटा ८० सें.मी. आणि उजवा ९२ सें.मी. असं आम्ही सुचवतो. डावा सासूबाईंचा, शेगडी त्याच बाजूला. शेगडी ओट्यावर ठेवायची घेऊ नका. तिची उंची १० सें.मी.च्या आसपास असते, त्यावर १५ सें.मी.चं पातेलं चढलं की काठ १०५ वर जातो. १५० सें.मी. उंचीच्या बाईला त्यात ढवळताना खांदा उचलून धरावा लागतो आणि तळाशी लागतंय का हेही दिसत नाही. ओट्यात बसवायचा हॉब घेतला तर जाळी ओट्यापासून पाचेक सें.मी.च वर राहते आणि पातेल्याचा काठ १०० वर येतो. यजमानांना हा हॉब थोडा खाली वाटेल. पण उंच माणसानं खालच्या पातेल्यात ढवळणं हे बुटक्या माणसानं वरच्या पातेल्यात ढवळण्यापेक्षा पुष्कळ सोपं, आणि भाजण्याच्या जोखमीच्या दृष्टीनंही बरं.

उजवा ओटा ९२ का? तुम्हाला चिरायला ८६ ते ९१ सोयीचं, त्यांना ९७ ते १०२. ९२ तुम्हाला जेमतेम चालतो आणि त्यांनी चार-पाच सें.मी. जाडीचा लाकडी पाट ठेवून चिरलं की त्यांचंही भागतं. ओटा खाली-वर करता येत नाही, पाट मात्र उचलून ठेवता येतो. दुसरं कारण डिशवॉशर. ओट्याखाली बसणाऱ्या यंत्राला दगडाखाली साधारण ८२ सें.मी. मोकळी उंची लागते. डाव्या ओट्याखाली दगडाची ३ सें.मी. जाडी वजा जाता ७७ राहतात, तिथे तो शिरणारच नाही. उजवीकडे ८९ मिळतात. यंत्राचे पाय फिरवून ते वर घ्यायचं आणि उरलेली फट पट्टीनं बंद करायची. सासूबाईंना सिंकचा काठ किंचित उंच लागेल, हे खरं आहे. पण सिंकमध्ये हात काठावर नाही, तळाशी काम करतात. २० सें.मी. खोलीच्या सिंकचा तळ ७२ वर येतो. त्याहून खोल सिंक घेऊ नका. भांडी लपतात म्हणून ते आवडतं, पण यजमानांची कंबर त्यात जाईल.

दोन ओट्यांवर काय कुठे येईल ते दारापासून खिडकीकडे असं मोजत जा.

उजवीकडे आधी ५ सें.मी.ची फट, मग ७५ सें.मी.चा फ्रीज. बिजागरी दाराच्या भिंतीकडे, मूठ ओट्याकडे. उघडं दार वाट अडवेल, पण तेवढ्यापुरतंच; बिजागरी उलट बाजूला ठेवली तर काढलेली प्रत्येक वस्तू दाराला वळसा घालून ओट्यावर आणावी लागते. ही ५ सें.मी.ची फट सुतार ‘वाया जाते’ म्हणून बुजवेल. बुजवू देऊ नका. बऱ्याच फ्रीजची दारं ९० अंशांपलीकडे उघडल्याशिवाय आतले खण पूर्ण बाहेर येत नाहीत. फ्रीजच्या माहितीपत्रकात हवेसाठी किती जागा सोडायची तेही लिहिलेलं असतं. तिथे जास्त सांगितलं असेल तर तेवढी सोडा. फ्रीजनंतर ६० सें.मी. डिशवॉशर, त्यावर ओटा. फ्रीजमधून काढलेलं ठेवायला किमान ४० सें.मी. मोकळा ओटा लागतोच, तो इथे मिळतो. मग ८० सें.मी.चं सिंकचं कपाट. मग खिडकीपर्यंत ११० सें.मी. सलग ओटा, ही तुमची डबे भरायची आणि यजमानांची चिरायची जागा.

डावीकडे आधी ६० सें.मी. रुंदीचं पूर्ण उंचीचं कपाट. मग ८० सें.मी. ओटा ज्याच्याखाली काहीही नाही. मग ६० सें.मी. ओटा, खाली ड्रॉवर. मग ७० सें.मी. हॉब. शेवटचे ६० सें.मी. पुन्हा मोकळे, म्हणजे खिडकीच्या झोतानं ज्योत विझणार नाही आणि हॉबच्या दोन्ही बाजूंना गरम भांडं उतरवायला जागा राहील.

खालची मोकळी जागा पाहून दुकानदार हळहळेल. ती सासूबाईंची आहे. ८० सें.मी. ओट्याखाली ७७ सें.मी. मोकळी उंची मिळते, गुडघ्यांना ७० पुरतात. बैठक ओट्यापेक्षा २७ ते ३० सें.मी. खाली हवी, म्हणजे साधारण ५२ सें.मी. उंचीचं, पाठ टेकायला असलेलं, चाकं नसलेलं स्टूल. निवडणं, सोलणं, मळणं बसून होईल आणि शेगडीशी फक्त लागेल तेव्हाच उभं राहावं लागेल. दगडाखाली ‘छोटासा ड्रॉवर तरी काढतो’ असा आग्रह होईल. दहा सें.मी.चा ड्रॉवर म्हणजे गुडघ्याला दहा सें.मी. कमी, आणि मग ती जागा बसायला कुणी वापरत नाही. दगडाला मात्र तिथे मागच्या भिंतीत आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर भक्कम आधार हवा, ८० सें.मी. पल्ल्यासाठी खालून लोखंडी पट्टी लावून घ्या.

आता एक गोष्ट लक्षात आली असेल. डिशवॉशर बरोबर या बैठकीसमोर आलाय. त्याचं दार उघडलं की ६० सें.मी. वाटेत येतं, समोर स्टूलवर माणूस असेल तर जाणंयेणं बंद. तरीही तो इथेच योग्य, कारण सासूबाई सकाळी बसतात आणि यंत्र रात्री भरलं जातं. फक्त ते सकाळी रिकामं करायची सवय असेल तर ती रात्रीवर किंवा दुपारवर न्यावी लागेल. चित्रात जी टक्कर दिसते ती घड्याळात नसते, आणि याच्या उलटही होतं: डिशवॉशर खिडकीकडे, पाइपाजवळ, हॉबच्या समोर ठेवणं चित्रात नीटनेटकं दिसलं असतं. प्रत्यक्षात रात्री दहाला यजमान हॉबपाशी आणि कुणीतरी मागे दार उघडून भांडी लावतंय, असं झालं असतं. गरम पातेलं घेऊन वळताना पाय अडकायची ती जागा.

पाइप कोपऱ्यात आणि सिंक त्यापासून दीड मीटरवर, म्हणून प्लंबर कुरकुर करेल. सांडपाण्याच्या आडव्या पाइपला मीटरमागे अडीच सें.मी. उतार द्यायला सांगा. दीड मीटरला चार सें.मी. पुरतात. पाइप ५० मि.मी. व्यासाचा हवा, आणि तो ड्रॉवरच्या मागून जाणार असल्यामुळे तिथले ड्रॉवर पाच-सात सें.मी. आखूड करावे लागतील. हे आधी सांगितलं नाही तर सुतार पूर्ण खोलीचे ड्रॉवर करून आणतो आणि मग त्यांच्या मागच्या फळीला भोकं पाडतो. डिशवॉशरचा नळ आणि वीजजोड यंत्राच्या मागे न ठेवता सिंकच्या कपाटात घ्या. मागे ठेवला तर गळती झाल्यावर बंद करण्यासाठी आख्खं यंत्र ओढून काढावं लागतं. त्याची सांडपाण्याची नळी सिंकच्या कपाटात आधी ओट्याच्या खालच्या पृष्ठापर्यंत वर नेऊन मग जोडायची, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलट यंत्रात उतरतं.

दारालगतचं उंच कपाट मुलांसाठी. त्यात ११० ते १२० सें.मी. उंचीवर मायक्रोवेव्ह, त्याखाली बाहेर ओढायची फळी, तिच्यावर किटली आणि टोस्टर, वर पेले आणि बशा. समोर फ्रीज. म्हणजे ज्यांना काही रांधायचं नाही, फक्त काहीतरी घ्यायचंय, त्यांचं सगळं दारापासून पहिल्या मीटरभरात मिळतं. ती सासूबाईंच्या पाठीमागून जाणारच नाहीत. सकाळची निम्मी चिडचिड इथेच संपावी. ओढायच्या फळीवरची किटली वापरताना मात्र फळी पूर्ण बाहेर ओढूनच लावायची. आतल्या आत वाफ सोडली तर वरच्या फळीचं लॅमिनेट काही महिन्यांत सुटतं.

या कोपऱ्याला वीज वेगळी हवी. किटली २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२०० ते १५००, टोस्टर ९००, पलीकडे मिक्सर ५०० ते ७५०. सकाळी सातला हे सगळं एकदम चालू होतं आणि बेरीज पावणेपाच हजारांच्या आसपास जाते. २३० व्होल्टवर १६ अँपिअरची एक लाइन साधारण ३६०० वॅट पेलते. म्हणून दारालगतच्या कोपऱ्यातल्या किटलीला एक लाइन, तिथल्याच मायक्रोवेव्ह आणि टोस्टरला दुसरी, दोन्ही ओट्यांच्या प्लगना तिसरी, डिशवॉशरला चौथी आणि फ्रीजला त्याची स्वतःची, म्हणजे दुसरीकडचा ब्रेकर पडला तरी फ्रीज बंद पडत नाही. पुढेमागे विजेचा हॉब घ्यायचा विचार असेल तर त्याची जाड तार आत्ताच भिंतीत टाकून ठेवा. न जोडलेल्या तारेचा खर्च किरकोळ, नंतर टाइल फोडण्याचा नाही. सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक संरक्षण, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण, असू द्या. प्लग ओट्याच्या वर १५ ते २० सें.मी., सिंकपासून आणि हॉबपासून बाजूला किमान ३० सें.मी.

चिमणीबद्दल एकच गोष्ट आधी तपासा: यजमानांचं डोकं. गॅसच्या हॉबवर चिमणी सहसा ६५ ते ७५ सें.मी. उंचीवर लावतात. हॉबची जाळी ८५ वर, म्हणजे चिमणीची खालची कड १५० ते १६० वर येईल आणि १७८ सें.मी.च्या माणसाचं कपाळ तिथे रोज आपटेल. ७५ चं अंतर धरा आणि पुढून तिरकी, भिंतीकडे मागे गेलेली चिमणी घ्या. नेमकं किमान अंतर तिच्या पुस्तिकेत असतं, ते पाळा. धूर बाहेर सोडणारीच घ्या. कोळशाच्या गाळणीतून हवा पुन्हा खोलीत सोडणारी चिमणी वास कमी करते, वाफ आणि उष्णता तशीच ठेवते. १५० मि.मी. व्यासाचा गुळगुळीत पाइप, खिडकीच्या भिंतीतून बाहेर, एकच वळण. घडीचा लवचिक पाइप आणि तीन वळणं असली की यंत्रावर लिहिलेली ताकद बरीचशी पाइपातच मरते. तुमची खोली छताच्या उंचीप्रमाणे बावीसेक घनमीटर असेल. तासाला खरोखर बाहेर जाणारी ४०० घनमीटर हवा पुरेशी आहे. फार मोठा आकडा घेतलात तर आवाजामुळे कुणी ती लावत नाही. आणि दार-खिडकी सगळं घट्ट बंद करून चिमणी चालवली तर तिला ओढायला हवाच मिळत नाही. एखादी फट उघडी ठेवा.

गॅस सिलिंडरचा असेल तर तो वायू हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी हवी. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो. त्याला वरची जाळी. बंद करायची तोटी ज्योतीवरून हात न नेता पोहोचेल अशी.

सामान ठेवण्याच्या बाबतीत आमचा एकच आग्रह: खाली दारांची कपाटं नकोत, ड्रॉवर हवेत. दाराच्या कपाटात मागची वस्तू काढायला वाकावं, बसावं आणि पुढचं सगळं हलवावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते शक्यच नाही. अपवाद सिंकखालचा. ड्रॉवरची चॅनेल (ज्यांवर तो सरकतो त्या पट्ट्या) पूर्ण बाहेर येणारीच घ्या, तीन-चतुर्थांश बाहेर येणारी स्वस्त पडते पण मागची पाव जागा कायम अंधारात राहते. डब्यांच्या ११० सें.मी. ओट्याखाली ९० सें.मी. रुंदीचे ड्रॉवर आणि खिडकीच्या कोपऱ्यात २० सें.मी.चा ट्रे-ताटांचा उभा कप्पा करता येईल. भांड्यांनी भरलेला ९० सें.मी.चा ड्रॉवर ३० किलोची चॅनेल लवकर वाकवतो; तिथे ५० किलो पेलणारी घाला. ड्रॉवरची उंची सुताराच्या सवयीनं ठरवू नका. रोजची सगळी भांडी आणि डबे जमिनीवर मांडा, सगळ्यांत उंच वस्तू मोजा, त्यात ३ सें.मी. मिळवा. साधारण चमच्यांना ८ ते १०, डबे-बशांना १५ ते १८, पातेल्यांना २५ ते ३० लागतात. वर्षाकाठी एकदा निघणाऱ्या वस्तू वर माळ्यावर, नाहीतर घराबाहेर.

भिंतीवरची कपाटं ३० ते ३२ सें.मी. खोलीची आणि ओट्यापासून ५० सें.मी. वर. डावीकडे त्यांची खालची कड १३० वर येते, म्हणजे पहिल्या दोन फळ्या सासूबाईंच्या हाताला सहज लागतात. ही कमी उंचीच्या ओट्याची फुकटची देणगी. बैठकीच्या वरच्या कपाटात मात्र जड काही नको. दिवे कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला लावा. मागे भिंतीलगत लावले तर उजेड टाइलवर पडतो आणि चिरणाऱ्याच्या हातावर त्याचीच सावली.

सामग्रीत जास्त गुंतू नका. सिंकच्या आणि डिशवॉशरच्या आजूबाजूला उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या चिकटद्रव्याचं प्लायवुड, बाकी ठिकाणी साधं ओलावारोधक चालेल. भुशाच्या बोर्डाचं पाण्याशी वैर आहे. तो कडेनं फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. कुठलाही बोर्ड असो, कापलेली प्रत्येक कड, दिसणारी आणि न दिसणारी, पट्टीनं बंद झाली पाहिजे. न दिसणारीच उघडी राहते. हॉबच्या बाजूला ग्रॅनाइट बरा. क्वार्ट्झमध्ये राळ असते, शेगडीवरचं भांडं थेट ठेवलं तर डाग पडतो किंवा चीर जाते. उजव्या ओट्याला तो खुशाल वापरा. संगमरवर कितीही आवडला तरी नको, आंबट पदार्थानं त्याची झिलई जाते. दगडाच्या कडेखाली पाणी थेंबून पडावं म्हणून बारीक खाच मारून घ्या.

भिंत पाडायचं म्हणाल तर, तुमच्या घरात रात्री साडेनऊनंतर मिक्सर आणि चिमणी चालते आणि मुलं त्याच वेळी हॉलमध्ये अभ्यासाला बसत असतील. खुल्या स्वयंपाकघरात आवाज, वास आणि तेलकट वाफ सगळ्यांच्या वाट्याला येते. शिवाय भिंत गेली तर एका ओट्याची किंवा वरच्या कपाटांची जागाही जाईल. मुलांना उजेड आणि गप्पा हव्या असतील तर दाराला काचेचं सरकतं पान लावा. तरीही पाडायचीच असेल, तर ती भार घेणारी आहे का हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या; ठेकेदाराच्या तोंडी भरवशावर नाही.

काही ठरवण्याआधी हा आराखडा हॉलच्या जमिनीवर चिकटपट्टीनं खऱ्या मापात आखा. ओट्यांच्या जागी टेबलं, खोकी रचा. एका बाजूला ८०, दुसरीकडे ९२ उंची होईल अशी. डिशवॉशरचं दार म्हणून ६० सें.मी.चा पुठ्ठा. मग एका सुट्टीच्या सकाळी चौघांनी तिथे तुमचा साडेसहाचा अर्धा तास खेळून बघा आणि रात्री यजमानांनी. सासूबाईंनी स्टूलवर बसून उठून पाहायलाच हवं. उठताना हात टेकायला काय लागतं ते तिथेच कळेल.

कामाचा क्रम असा ठेवा. फ्रीज, डिशवॉशर, हॉब आणि चिमणी आधी निवडा, निदान त्यांची नेमकी मॉडेलं ठरवून मापं हातात घ्या. मग पाणी आणि वीज, मग टाइल, मग दगडाचा आधार. कपाटांची अंतिम मापं टाइल बसल्यावरच घ्यायची, आणि प्रत्येक भिंत खाली, मधे, वर अशी तीन ठिकाणी मोजायची. सरळ भिंत फार क्वचित भेटते. तीन आकडे वेगळे आले तर सगळ्यांत लहान आकडा धरा आणि उरलेलं पट्टीनं भरा. दुकानदाराला सही केलेला आराखडा द्याल तेव्हा त्यावर दोन्ही ओट्यांच्या उंची तयार लादीपासून, दगडासकट, अशा शब्दांत लिहा. ‘८०’ एवढंच लिहिलं तर कपाट ८० चं होतं आणि दगड ठेवल्यावर ओटा ८३.